शेजारी बसून शिकविणे

मागील महिन्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपली, लोक चपला शोधू लागले आणि एक अंगणवाडी सेविका भगिनी मागे रेंगाळल्या. सर्व जण गेल्यावर त्यांनी पिशवीतून मोबाईल काढून आमच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "भाऊ, हे जरा पाहता का? मले वाटते माह्या हातून काहीतरी बिघडलं."

बिघडले काहीच नव्हते. एका स्तनदा मातेला घरपोच आहाराचे पाकीट द्यायचे होते. त्यासाठी पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये तिचा चेहरा टिपून जुळवावा लागतो, आणि त्याआधी एकदा आधार क्रमांकावरून तिची ओळख पटवावी लागते. ओळख पटविणारा ओटीपी ज्या मोबाईलवर जातो तो मोबाईल तिच्या नवऱ्याचा, आणि नवरा कामाला सुरतेला. दोनदा फोन लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, तोवर ओटीपीची वेळ निघून गेली होती. ताईंनी घाबरून मागे जाण्याचे बटन दाबले आणि भरलेले सारे पुसले गेले. ती माता मूल कडेवर घेऊन तासभर उभी होती. ती रिकाम्या हाताने परत गेली. "तिच्यासमोर माही मान खाली गेली," ताई सांगत होत्या. "आपण अडाणीच, भाऊ. मले नाई जमत हे."

ज्या भगिनीने सत्तावीस वर्षे अंगणवाडी सांभाळली, जिला वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या जन्मतारखा तोंडपाठ आहेत, जिने अकरा-अकरा रजिस्टरे एकहाती लिहिली, तिने स्वतःला अडाणी म्हणावे हे आम्हांला फार लागले. आज या सदरात त्याविषयीच लिहावयाचे आहे. कारण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. दवाखान्यातील परिचारिका, महापालिकेतील मुकादम, गोदामातील हमालीचा हिशेब ठेवणारा, पोलीस ठाण्यातील हवालदार, सर्वांच्या हातात कामाचे नवे ॲप आले आहे. त्यात भर म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला सगळे एआय म्हणतात, तीही दारात येऊन उभी आहे. न जमणारा माणूस मागे पडेल, असे जो तो ऐकवतो. शिकवणार कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

वाचकांना २०२१ साल स्मरत असेल. त्या वर्षी १ मार्चला केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर सुरू केले. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी मोर्चे काढून सरकारी मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत केले. तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी नाके मुरडली. बायकांना नवीन नको असते, काम टाळायचे असते, असे म्हणणारे आम्ही स्वतः ऐकले. तक्रार काय होती ते पाहा. ॲप इंग्रजीत होते. मोबाईल दोन जीबी रॅमचा, त्यात ते ॲप धड चालत नसे. बिघडला तर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ज्या बाईला मानधनावर राबवून घेतले जाते तिने इंग्रजी कोठून आणावी? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे ॲपमध्ये मराठीही आली. म्हणजे मोबाईल परत करणाऱ्या भगिनींना यंत्र समजले नव्हते असे नाही. त्यांना ते चांगलेच समजले होते, आणि ते आपल्या कामाचे नाही हे त्यांनी तोंडावर सांगितले.

याच भगिनींनी जुलै २०२४ मध्ये काय केले तेही आठवावे. लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर भरायचे होते. अर्जामागे ५० रुपये द्यायचे ठरले होते. आमच्या वस्तीत दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून सेविका रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ओट्यावर बसून अर्ज भरीत. कोणाचे आधार, कोणाचे बँक खाते, कोणाचे नाव माहेरचे तर कोणाचे सासरचे. आठवडाभरात हात बसला. तेव्हा कोणी म्हणाले नाही की बायकांना तंत्र कळत नाही.

मग पोषण ट्रॅकरवर हात का थरथरतो? आमच्या मते कारण शिकविण्याच्या पद्धतीत आहे. ताईंना विचारले, तुमचे प्रशिक्षण झाले ना? म्हणाल्या, झाले. एका सभागृहात शंभरावर बाया, पुढे पडदा, पडद्यावर एक साहेब भराभर बोटे फिरवतो, मागच्या रांगेला दिसत नाही. जेवण चांगले होते. शेवटी हजेरीची सही. चेहरा जुळविण्याची अट १ जुलै २०२५ पासून सक्तीची झाली तेव्हा तर व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत आली आणि तेच प्रशिक्षण.

या पानाच्या अनेक वाचकांचे वडील, आजोबा एम्प्रेस मिल किंवा मॉडेल मिलमध्ये होते. एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली आणि २००२ साली कायमची बंद पडली; आज त्या जागेवर मॉल उभा आहे, तेथे आपली पोरे सरकत्या जिन्यावर फोटो काढतात. त्या मिलमध्ये १८८० च्या दशकात रिंग स्पिंडल आले. हिंदुस्थानातील गिरण्यांत ते तेव्हा नवीन होते, आजच्या एआयइतकेच नवीन म्हणा. मिलमध्ये कोणी पडद्यावर शिकविले नाही. बदलीवर लागलेला पोरगा काकाच्या नाहीतर मामाच्या शेजारी उभा राही. आधी नुसते पाहायचे. मग तुटलेले सूत जोडायचे. मग एक-दोन चात्या, मग अर्धी बाजू. चूक झाली तर मामा ओरडे, पण हात पोराचाच असे. असे करीत कधी शाळेत न गेलेल्या माणसांनी विलायती यंत्रे चालविली, आणि नुसती आवाज ऐकून कोठे बिघाड आहे ते सांगू लागले.

मात्र यंत्राच्या शेजारी उभे राहण्याची मुभा सर्वांना नव्हती, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचाखात्यात घेत नसत. साच्यावर कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालेना, म्हणून आपल्या लोकांनी साच्याजवळ यायचे नाही. पगार मात्र साचाखात्यातच जास्त. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उघडपणे मांडला. आज आम्हांला त्यातील एक साधी व्यवहाराची बाब दिसते. माणसाला साच्याजवळ येऊच दिले नाही तर तो साचा शिकणार कसा? आणि मग वीस वर्षांनी म्हणायला मोकळे, की यांना साचा येत नाही.

आज तोंड लावायचा धोटा नाही. पण शेजारी कोणाला बसवायचे आणि कोणाला नाही, हे कार्यालयात आजही ठरते. ताईंची भाची शहरातील एका कार्यालयात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर आहे. कार्यालयाचे नाव येथे नको. तेथे फाइली संगणकावर चालविण्याची नवी पद्धत आली. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. यादीत फक्त कायम कर्मचारी. कंत्राटी मुलींना त्या दोन दिवसांत दारावर टपाल घ्यायला बसविले. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण घेऊन आलेले बाबू तिच्या टेबलाशी आले, पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "बेटा, हे तूच पाहून घे." प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बाबूंच्या सेवापुस्तकाला लागले. काम मुलीने केले, तेही बाबूंच्या नावाने. पुढे एक फाइल चुकीच्या विभागात गेली तेव्हा मात्र ती कोणी पाठविली हे सर्वांना बरोबर आठवले.

ती मुलगी पद्धत शिकली कशी? बाबूंनी आणलेले पुस्तक जेवणाच्या सुटीत वाचून, आणि शेजारच्या विभागातील एका समंजस शिपाईमामांना विचारून, ज्यांना कोणती फाइल कोठे जाते हे पंचवीस वर्षांचे पाठ होते. संगणक तिचा, फाइलीची वाट मामांची. असे दोघांचे मिळून ज्ञान पुरे झाले. आम्ही तिला सांगितले, आपल्या नावाचा लॉगिन लेखी माग. कंत्राट असले तरी दुसऱ्याच्या नावाने काम करणे धोक्याचे आहे. जबाबदारी कोणाची ते मागाहून सिद्ध करता येत नाही. तिने अर्ज केला. चार महिन्यांनी लॉगिन मिळाला. प्रमाणपत्राचे विचारले तर, बघू.

आता एआयविषयी. आपल्या नागपुरातच त्याचा मोठा प्रयोग चालू झाला आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मार्व्हल ही पोलिसांसाठी एआयचे काम करणारी कंपनी येथे स्थापन केली, तिच्यात आपल्या शहरातील भारतीय व्यवस्थापन संस्थेचाही सहभाग आहे. मायक्रोसॉफ्टची मदत घेऊन तयार केलेली महाक्राईम-ओएस ही प्रणाली आधी नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत चालविण्यात आली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातील १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा मुंबईत झाली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीची कागदपत्रे वाचून त्यातील नावे, खाते क्रमांक वेगळे काढणे, तपासाचे टप्पे सुचविणे, बँकेला आणि फोन कंपनीला पाठवायच्या पत्रांचा मसुदा करणे, अशी कामे ती करते. आपल्या घरांतील कितीतरी मुले पोलीस दलात शिपाई, हवालदार आहेत. रात्रपाळीला पत्रांमागे पत्रे लिहिणाऱ्या हवालदाराला याने उसंत मिळेल, हे आम्हांला चांगलेच वाटते. आधी थोड्या ठाण्यांत चालवून मग पुढे न्यायचे, हीही रीत योग्य आहे. पोषण ट्रॅकरच्या वेळी आधी आपल्या दहा सेविकांच्या शेजारी बसून पाहिले असते तर दोन जीबीची गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती.

परंतु एक उदाहरण ध्यानात ठेवावे. फसवणूक म्हटली की आपल्या तोंडी चारशेवीस येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. जुने कायदे, जुनी पुस्तके, जुने निकाल यांवर पोसलेले कोणतेही एआय जुना आकडा पुढे करू शकते, आणि तोही अगदी ठाम भाषेत. तेथे जुना हवालदार लागतो, जो म्हणेल, थांब, हे कलम बदलले. त्याला टंकलेखन येत नसेल तरी बिघडत नाही. म्हणून शिकविणाऱ्याने अशा माणसाला मागच्या बाकावर बसवू नये. यंत्राची चूक पकडणारा तोच आहे.

आम्ही स्वतः कसे फसलो तेही सांगून टाकतो. एका मिल कामगाराच्या विधवेसाठी अर्ज लिहायचा होता. म्हटले, पाहू तरी एआय कसे लिहिते. मराठी इतकी सुरेख की आमच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती. खाली एका शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीखसुद्धा. आम्ही अर्ज ऐटीत नेऊन दिला. खिडकीवरील कारकुनाने तो क्रमांक शोधला, पुन्हा शोधला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. असा शासन निर्णय निघालेलाच नव्हता! यंत्राने तो रचला होता. अर्ज परत घेऊन आम्ही हाताने लिहिला. त्या माउलीचा एक आठवडा आमच्या हौसेपायी वाया गेला. तेव्हापासून मसुदा यंत्राने केला तरी नाव, तारीख, रक्कम, कलम आणि शासन निर्णय या पाच ठिकाणी आम्ही बोट ठेवून मूळ कागदाशी ताडून पाहतो.

ताईंच्या त्या रविवारनंतर विहारात दर आठवड्याला वंदनेनंतर तासभर बसायचे ठरले. पहिल्या वेळी पाच जणी आल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने मोबाईल हातात घेतला आणि भराभर दाखविले. सर्वांनी माना डोलावल्या. पुढच्या रविवारी कोणालाच काही आठवेना. भाची कोपऱ्यात बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही त्या सभागृहातल्या साहेबासारखंच करता. फोन मावशीच्या हातून घेऊच नका ना." पोरीने बरोबर नेम धरला.

तेव्हापासून फोन जिचा तिच्याच हातात राहतो. एका रविवारी एकच काम. वजन-उंची भरायची तर तेवढेच. आणि प्रत्येकीने आपल्या वहीत आपल्या शब्दांत पायऱ्या लिहायच्या. ताईंच्या वहीत आहे: "हिरवं घर दाबा. मग बाईचं नाव. गोल फिरते तेव्हा हात लावू नका." ॲप बनविणाऱ्यांनी अशी वही पाहावी असे आम्हांला फार वाटते. बोलून टाईप करायलाही शिकविले, त्यात मौज झाली. एक जण म्हणाली, "पोट्टं आजारी आहे," तर फोनने लिहिले, "पोट आजारी आहे." फोनला पुस्तकी मराठी येते, आपली वऱ्हाडी यायची आहे. वाचल्याशिवाय पुढे पाठवायचे नाही, हा धडा त्या पोट्ट्याने चांगला दिला.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगावी लागली. काही अडले की भगिनी पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकतात, त्यात मातेचे नाव, आधार क्रमांक, चेहरा सारे असते. हेच लोक एआयलाही विचारतात. त्या मातेने तिची माहिती सेविकेला दिली आहे, गटातील दोनशे जणांना नाही. नाव आणि क्रमांक झाकूनच फोटो टाकावा, आणि आलेला ओटीपी गटात तर मुळीच लिहू नये.

ताईंच्या मूळ अडचणीचे उत्तर शेवटी मोबाईलमध्ये सापडलेच नाही. ते त्यांच्या जुन्या रजिस्टरात सापडले. त्यांनी रजिस्टर उघडून ज्या मातांचा आधारशी जोडलेला क्रमांक नवऱ्याचा, भावाचा किंवा बंद पडलेला आहे, अशांची यादी केली. सोळा नावे निघाली. क्रमांक बंद असलेल्यांना आधार केंद्रात जायला सांगितले. ज्यांचे नवरे परगावी आहेत, त्यांना आदल्या रात्री निरोप द्यायचा की उद्या अमुक वेळी फोन हाताशी ठेवा. सुरतेच्या त्या गड्याची चहाची सुटी चार वाजता होते. गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी ओटीपी आला, चेहरा जुळला, आणि पाकीट त्या माउलीच्या हातात पडले. अशी यादी आधी करा, हे कोणत्याही चित्रफितीत नव्हते. पर्यवेक्षिकाबाईंनी ती यादीची पद्धत आता इतर सेविकांनाही दाखविली आहे.

हे सारे रविवारी, सुटीच्या दिवशी, विनामोबदला चालते हे आम्हांला मान्य नाही, आणि आम्ही ते पर्यवेक्षिकाबाईंना बोललोही. काम सरकारचे, तर शिकण्याचा वेळही कामाच्या वेळातला असावा. जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेने वडधामन्याला एआयची अंगणवाडी उभी केली, मुलांच्या डोळ्यांना लावायचे चष्मे आणि फळा आला. मुलांनी पाहावेच. फक्त तो चष्मा बंद पडला तर सेविकेने कोणाला विचारायचे, हेही भिंतीवर लिहून ठेवलेले असावे. तोपर्यंत आमचा रविवारचा तास चालू राहील.

या रविवारी दोन नव्या भगिनी येणार आहेत. त्यातील एक कालपरवापर्यंत मदतनीस होती, आता सेविका झाली आहे, आणि तिच्या मोबाईलची काच फुटलेली आहे. तिच्या शेजारी ताई बसणार आहेत. आपल्या वहीची नक्कल त्यांनी तिच्यासाठी दोन रात्री जागून करून ठेवली आहे. वंदना सकाळी साडेआठला असते. चार्जर आपापला आणावा, विहारात एकच बोर्ड चालू आहे.